गाठीजवळ मोडलं

सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. मुलीसमोर नाही, भावासमोर नाही, दारू पोटात असतानासुद्धा नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती आता नाही, म्हणून आज धीर आला असं समजू नका. ती असती तरी मी तिला सांगितलं नसतं. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल चांगला ग्रह करून घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

मी सुतार. मूळचा कुडाळकडचा. गोरेगावला पूर्वेला एका फिल्म स्टुडिओच्या सुतारखात्यात कामाला होतो — त्रेपन्न-चोपन्न सालची गोष्ट. देवळाचे खांब, राजाचं सिंहासन, रथाची चाकं, सगळं प्लायवुडचं. कॅमेऱ्यासमोर चार दिवस उभं राहिलं की झालं. पण माझं काम त्यातही वेगळं दिसायचं. वसंता सुताराचा काटकोन बघायला गुण्या लावावा लागत नाही, असं खात्यात म्हणायचे. मला त्याचा गर्व होता. होता कशाला म्हणू? अजून आहे.

आमचं बिऱ्हाड स्टुडिओपासून चालत वीस मिनिटांवर, म्हशींच्या तबेल्यांच्या पलीकडे एका बैठ्या चाळीत. पुढे एक खोली, मागे पडवी, पडवीमागे डोंगराची चढण सुरू. तिथे मी आणि इंदू. इंदू माझी बायको. तिचे वडील जव्हारकडे जंगलखात्यात राखणदार होते आणि ती वारल्यांच्या पाड्याला लागून असलेल्या सरकारी कोठीत वाढलेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. कमी बोलायची. मला वाटायचं तिला फारसं काही सांगण्यासारखं नसेलच — असं वाटण्यात माझी सोय होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या वर्षी स्टुडिओत एका पौराणिक चित्राचं शूटिंग लागलं. हिरोच्या हातात धनुष्य हवं. आम्ही नेहमीसारखं वेताचं केलं, वरून सोनेरी बेगड चिकटवली. कॅमेरा जवळ आणला, हिरोनं दोरी ओढली — दोरी लांबली आणि धनुष्य होतं तसंच. डायरेक्टरनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि शांतपणे म्हणाला, "ये तो कपड़े टांगने के काम का है." सगळे हसले. आमचे मोठे मिस्त्री, अण्णा, तेवढे हसले नाहीत. त्यांनी आम्हा सुतारांना बोलावलं आणि सांगितलं, खरोखर वाकणारं धनुष्य जो करील त्याच्या हाती शस्त्रखातं देतो. म्हणजे स्वतःची खोली, हाताखाली दोन माणसं आणि कायमचं काम.

मी तीन केली. पहिलं सागाचं. वाकताना कडकन मोडलं. दुसरं शिसवीचं, ते वाकलंच नाही आणि वाकवायला गेलो तेव्हा तुटलं. तिसरं बांबूचं, ते एकीकडेच वाकून फाटलं. तिन्हींचे तुकडे जळणाला घरी आणले. इंदू चुलीपुढे बसली होती. सागाचा तुकडा तिनं चुलीत घालायला उचलला आणि घातला नाही. मोडलेली जागा उजेडाकडे धरून बघत राहिली.

"हे मोडणारच होतं," ती म्हणाली. "याला धामण लागते."

मी म्हटलं, धामणीचे कुऱ्हाडीला दांडे करतात, मला माहीत आहे. तुला काय कळतंय त्यातलं?

तेव्हा तिनं सांगितलं. त्यांच्या कोठीसमोर लखमा नावाचा एक म्हातारा वारली बसायचा. आसपासच्या पाड्यांत कामठे करणारा तो एकच. कामठा म्हणजे धनुष्य. उतारवयात त्याच्या डोळ्यांत फूल पडलं. हाताला सगळं कळायचं, पण वाकलेलं लाकूड दोन्हीकडे सारखं वाकतंय का ते दिसायचं नाही. मग तो दोरी ओढायचा आणि सहा-सात वर्षांची इंदू समोर बसून त्याला सांगायची — वरचा ताठ आहे, खालचा जास्त वाकतो, इथे काढ, इथे नको. सहा वर्षं ती त्याचे डोळे होती. ही गोष्ट तिनं मला दीड वर्षात सांगितली नव्हती. मी विचारली होती का?

डोंगरातून सोम्या नावाचा वारली आमच्या चाळीत लाकडाच्या मोळ्या विकायला यायचा. इंदूनं त्याच्याशी बोलून धामणीच्या दोन काठ्या मिळवल्या. चुलीवरच्या धुरात वर्षभर वाळवलेल्या. काठ्या कसल्या — मनगटाएवढ्या जाड, माझ्या खांद्याइतक्या उंच आणि दोन्ही वाकड्या. पहिलीला एका जागी बाक. दुसरीला मूठ जिथे येणार त्याच्या वर वीतभर अंतरावर गाठ, खाली पीळ, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा बारीक. माझ्या खात्यात असलं लाकूड कुणी दाराच्या आत येऊ दिलं नसतं.

पहिली मी घेतली. सूत मारलं आणि सरळ रेषेत तासली. इंदू म्हणाली, "सरळ करू नका. लाकडाची रेघ जशी जाते तसं जा. रेघ तुटली की तिथून उठेल." मी ऐकलं नाही. बारा वर्षांचा असल्यापासून मी वाकडं सरळ करत आलो होतो. ते तर माझं काम. आता ही मला सांगणार, वाकडं तसंच ठेवा? काठी सुबक झाली, ठेवणीतल्या फर्निचरसारखी. पहिल्यांदा वाकवली तेव्हाच बाकाजवळ पाठीवरून लांब कपची उठली आणि भेग आत गेली. इंदू "सांगितलं होतं" एवढं जरी म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं.

दुसरी काठी तिनं घेतली. दुपारची, मी कामावर असताना. साल काढली आणि सालीखालच्या पाठीला नंतर हत्यार लावलं नाही. जे काढायचं ते पोटाच्या बाजूनं, म्हणजे ओढणाऱ्याकडे येते त्या. लाकूड तासायचा वाकस माझाच, पण तिनं तो फार कमी वापरला. नंतर कानस, आणि शेवटी फुटक्या तावदानाची काच. काचेच्या धारेनं ती लाकूड खरवडायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ निघायचं.

संध्याकाळी मी यायचो. पडवीच्या खांबाला मी एक ठोकळा बसवून दिला होता. त्यावर धनुष्याची मूठ टेकायची, वरचं टोक डावीकडे, खालचं उजवीकडे. दोरीला एक रस्सी बांधलेली, ती खाली जमिनीतल्या कडीतून काढून लांब आणलेली. मी रस्सी ओढायची आणि इंदूनं समोर दहा पावलांवर बसून बघायचं. मागच्या भिंतीवर तिनं कोळशानं आडव्या रेघा ओढल्या होत्या. वीतभर ओढायचं, थांबायचं. जिथे ताठ दिसेल तिथे काचेनं चार हात मारायचे. मग वीस-पंचवीस वेळा ओढून सोडायचं, लाकडाला नवीन वाकण्याची सवय व्हावी म्हणून. मग पुन्हा बघायचं. जोवर सारखं वाकत नाही तोवर पुढे ओढायचं नाही. हे असं रोज, पंधरा-वीस दिवस.

तुम्हाला वाटेल, किती छान — नवरा-बायको संध्याकाळी मिळून काम करतायत. शेजारच्या मावशी तसंच म्हणायच्या. पहिले चार दिवस मलाही तसं वाटलं असेल.

पण ती दर वेळी बरोबर असायची. तुम्ही कधी अशा माणसाजवळ राहिलात का, जे आवाज न चढवता दर वेळी बरोबर असतं? ती म्हणायची, मुठीपासून चार बोटं सोडून, थोडंच. मी खरवडायचो, आणि ती जागा वाकायला लागायची. मला काहीच दिसायचं नाही. मी डोळे फाडून बघायचो. एकदा मी म्हटलं, खालची बाजू ताठ आहे. ती म्हणाली, वरची. मी म्हटलं, मी अठरा वर्षं लाकडात आहे. काच घेऊन खालच्या बाजूला बसलोसुद्धा. तिनं लाकडावर पालथा हात ठेवला. "थांबा. उलटं टांगून बघू." धनुष्य उलटं केलं, वरची बाजू उजवीकडे आणली. मी ओढलं. ताठपणा त्या बाजूबरोबर उजवीकडे आला. आता मलाही दिसला.

मी काच ठेवून दिली. पाठ दुखते म्हणालो. त्यानंतर मी फक्त रस्सी ओढली. आणि पाच-सहा दिवसांनी तेही सोडलं. स्टुडिओत उशीर होतो असं सांगायला लागलो. होत नव्हता. कॅन्टीनमध्ये बसून राहायचो.

तिनं उरलेलं एकटीनं केलं. रस्सी स्वतःच ओढायची आणि तशीच धरून बघायची. एका शनिवारी मी घरी आलो तर ते झालेलं होतं. गाठ तशीच होती. गाठीभोवती तिनं लाकूड जरा जाड ठेवलेलं, पाणी दगडाला वळसा घालतं तशी रेघ गाठीला वळसा घालून पुढे गेलेली. पीळही तसाच. उभं धरलं तर वाकडंतिकडं, हसू यावं असं. आणि तिनं दोरी चढवून ओढलं तेव्हा दोन्ही बाजू अशा वाकल्या की मला आणखी काही बघायचं सुचेना.

मला आनंद व्हायला हवा होता. माझंच काम झालं होतं, माझीच बढती. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. नवऱ्याला आवडलं का, हे बघायलासुद्धा तिनं मान वर केली नाही. ती त्या वाकलेल्या लाकडाकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते माझ्यासाठी कधी आलं नव्हतं. मला वाटलं, मला हे कधीच येणार नाही. आणि हिला ते येतं, आणि हिला आपल्याला काही विशेष येतं याची खबरही नाही. त्याला मत्सर म्हणतात, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. थांबण्याइतका नव्हतो.

सोमवारी ते पोत्यात गुंडाळून स्टुडिओत नेलं. अण्णांनी ओढून बघितलं, मग पुन्हा ओढलं. आम्हा दोघांचं गाव जवळजवळचं, त्यामुळे एकट्यात ते मालवणीतच बोलायचे. "खरां सांग वसंता," ते हळूच म्हणाले, "ह्यां तुया केलंस?"

मी हो म्हणालो. जराही अडखळलो नाही.

सेटवर हिरोनं ते घेतलं, कानापर्यंत ओढलं आणि तसंच धरून उभा राहिला. लाइटवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे गप्प. डायरेक्टर जवळ आला, गाठीवरून बोट फिरवलं, म्हणाला, "इसको छुपाना मत. किसने बनाया?" अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. झकास, वसंता, झकास. मला त्या थापा आवडल्या. खोट्या आहेत म्हणून टोचल्या, असं सांगितलं तर मी आज पुन्हा खोटं बोलेन. फार आवडल्या.

हा झाला एक अपराध. बायकोचं काम आपलं म्हणून खपवलं. पण एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो. त्या काळी बायकोनं केलंय असं खात्यात सांगितलं असतं तर कुणी मानलंही नसतं, आणि इंदूलाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. संध्याकाळी घरी जाऊन तिला म्हटलं असतं, "नाव माझं झालं, पण काम तुझं बघून सगळे गप्प झाले" — तर ती खुश झाली असती. तिला तेवढंच पुरलं असतं. हे मला त्या संध्याकाळी घरी चालत जाताना नीट माहीत होतं.

आणि नेमकं तेच मला नको होतं. तिनं खुश व्हायला नको होतं.

ती दारात उभी होती. हाताला तांदळाचं पीठ.

"काय झालं?"

मी म्हटलं, "मोडलं."

हे बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं — निदान मला तसं वाटतं. पण एकदा बोललो आणि थांबलो नाही. पहिल्याच ओढीला मोडलं. हिरोच्या हातात. सगळ्यांसमोर. तुकडा उडून त्याच्या गालाला लागला. रक्त आलं.

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कुठून मोडलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. एक सुतार दुसऱ्या सुताराला विचारतो तसा प्रश्न. काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, गाठीजवळ.

"गाठीजवळ तर मी लाकूड ठेवलं होतं." तिनं हाताचं पीठ झटकलं. "तुकडे आणलेत का?"

"तिथेच टाकले."

"आणायला हवे होते. बघितलं असतं."

नंतर किती दिवस ती विचारत राहिली, त्यांचा गाल कसा आहे? टाके पडले का? मी म्हटलं, दोन. कुठले टाके आणि कसलं काय. पण मी आकडा सांगितला, आणि तिनं तो लक्षात ठेवला. पुढे एकदा ताटावर बसलो असताना ती मध्येच म्हणाली, "मी घाईत पाठीकडून खरवडलं असेन का हो? गाठीजवळ? मला आठवत नाही, पण केलं असेन का?"

बघा, तेव्हा पुन्हा दार उघडलं होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी भातावर आमटी वाढून घेतली आणि म्हणालो, "केलं असशील."

त्यानंतर तिनं हत्याराला हात लावला नाही. चित्र लागलं तेव्हा अख्खी चाळ बघायला गेली. ती गेली नाही. ज्या माणसाला आपल्यामुळे लागलं त्याला पडद्यावर कसं बघायचं, असं शेजारच्या मावशींना म्हणाली. मावशींना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

मी शस्त्रखात्याचा मिस्त्री झालो. घरी सांगितलं, नंतर मी दुसरं केलं, ते चाललं. आणखी धनुष्यं करावी लागली. सोम्याकडून मी परस्पर धामण घेऊन स्टुडिओतच करायचो. चार मोडली की एखादं जमायचं. जमलेलंही मागच्या रांगेतल्या सैनिकांच्या हातात शोभेल इतपत. एकदा अगदीच अडलो तेव्हा अर्धवट झालेलं एक घरी आणून ठोकळ्यावर टांगलं, इंदूला म्हटलं, जरा बघ. तिनं मान हलवली. "मला नका विचारू. माझ्या नजरेत खोट आहे." तिनं हे इतकं साधेपणानं सांगितलं. मी धनुष्य काढलं आणि परत नेलं. हिरोच्या हातात मात्र तिचंच राहिलं. प्रत्येक नव्या चित्राला मी त्यावर नवी बेगड चढवायचो.

छप्पन सालचा दसरा. स्टुडिओत दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरची माणसं यायची. आदल्या दिवशी मी तिचं धनुष्य पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आदल्या वर्षीही तेच केलं होतं. इंदू आली. भिंतीवर मांडलेल्या माझ्या धनुष्यांपुढून ती हळूहळू चालत गेली. एकापाशी थांबली, त्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात अण्णा आत आले.

"वहिनी, ही कसली बघताय? याचं पहिलं कुठाय रे, वसंता? हिरोचं?"

मी म्हटलं, दुरुस्तीला काढलंय. अण्णा म्हणाले, त्याला कसली दुरुस्ती, आणि इकडेतिकडे बघून स्वतःच शिडी लावली. ते माळ्यावरून पोतं काढत होते आणि मी उभा होतो. काय करू शकलो असतो? त्यांचे पाय धरले असते?

त्यांनी पोतं सोडलं आणि धनुष्य इंदूच्या हातात दिलं. "दोन वर्षं झाली. एक चीर गेली नाही. हिरो दुसऱ्याला हात लावत नाही बघा."

इंदूनं ते आडवं धरलं. बेगडीवरून तिचा अंगठा सरकत गेला आणि गाठीवर थांबला. तिथेच राहिला. मग तिनं अण्णांना विचारलं, "त्यांच्या गालाला लागलं होतं ना?"

"कुणाच्या गालाला?" अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही," इंदू म्हणाली. "मी दुसरंच काही समजले."

पूजेच्या ताटातली हळद-कुंकवाची बोटं तिनं त्या धनुष्याला लावली आणि ते अण्णांना परत दिलं. पेढा खाल्ला. अण्णांच्या मंडळींशी चार शब्द बोलली.

घरी जाताना ती माझ्या बरोबरीनं चालत होती. मागे नाही, पुढे नाही. तबेल्यांपर्यंत आलो तेव्हा मला ते सहन होईना. आणि मी काय बोललो असेन? तुम्ही जे समजताय ते नाही. मी म्हटलं, "ते वेगळं होतं. नंतर मी केलेलं. तसंच एक लाकूड मिळालं."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "हो का."

बस. ती एवढंच बोलली. त्या दिवशी, आणि नंतरही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, जेवण टाकलं नाही. मी किती दिवस वाट बघत होतो, ती कधी विचारते म्हणून. आता वाटतं, तीही वाट बघत असेल.

दिवाळी झाली आणि सोम्या मोळी घेऊन आला. तिनं त्याच्याकडून धामणीची काठी मागून घेतली. पुन्हा दुपारचं काम सुरू झालं. लपवाछपवी काही नाही. मी घरी यायचो तेव्हा काचेनं निघालेले पापुद्रे पडवीच्या कोपऱ्यात झाडून ठेवलेले असायचे. एकदा मी म्हटलं, "मी ओढू का रस्सी?" "नको," ती म्हणाली. "जमतंय." आवाजात राग नव्हता. मी तिथे उभा होतो हेसुद्धा नव्हतं त्या आवाजात.

धनुष्य झालं तेव्हा तिनं मला दाखवलं नाही. सोम्या आला, त्याला दिलं. मी नेमका घरी होतो, आतून बघत होतो. त्यानं ते एकदा ओढलं. मग चढणीवर मोळी घेऊन थांबलेल्या त्याच्या बायकोला हाक मारली, तिला दाखवलं, तिच्यासमोर पुन्हा ओढलं. ती दोघं आपापसात काहीतरी बोलली. आणि इंदू हसली. तोंडावर पदर न धरता, मोठ्यानं. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि मी ते हसू पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा तरी मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं ना? मला वाटलं, एका मोळीविक्यानं ओढलं तर एवढं काय त्यात?

मग पाड्यावरून माणसं यायला लागली. कुणी काठी घेऊन, कुणी जुना कामठा बघून घ्यायला. ती त्यांच्याशी पडवीत बसून बोलायची. मी स्टुडिओत शस्त्रखात्याचा मिस्त्री होतो, आणि माझ्या घराच्या मागच्या दारी येणारी माणसं मला ओळखत नव्हती. तिनं किती केली मला माहीत नाही. त्यातलं एकही चांगलं झालंय असं मी तिला म्हटलं नाही.

पण बघायचो. ती नळावर गेली की खुंटीवरचं धनुष्य काढून ठोकळ्यावर टांगायचो, रस्सी ओढायचो आणि दहा पावलांवरून बघायचो. इतक्या वर्षांत तिचं बघून बघून माझीही नजर थोडी तयार झाली होती. मी चूक शोधायचो. दर वेळी. कधी सापडायची नाही.

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात एक सापडली. डोंगरापलीकडच्या पाड्यावरच्या कुणाचं तरी होतं, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. खालची बाजू मुठीजवळ किंचित ताठ राहिली होती. तिच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. काचेचे चार हात मारले असते तर काम झालं असतं. न मारता ते तसंच गेलं तर वरच्या बाजूवर ताण येणार, आणि आज ना उद्या ते त्या माणसाच्या हातात मोडणार, एवढं मला कळत होतं.

मी ते खुंटीवर परत ठेवलं, जसं होतं तसं. ती हंडा घेऊन आली. मी तिला काही बोललो नाही. संध्याकाळी मी बाजारातून सुरमई आणली, आपणहून, कधी नव्हे ते. जेवताना तिनं विचारलं, "आज काय विशेष?"

मी म्हटलं, "काही नाही."